घरी ग्लेझ कालवायचं असेल तर आधी एकच बादली

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. चाकावर हात बसलाय, नागपुरात घराच्या गच्चीवरच्या खोलीत छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे, स्टोनवेअरची तयार माती आणता आणि कोन ६ ला, म्हणजे साधारण १२२० ते १२४० अंश सेल्सियसला भाजता. तयार ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेचा लेप, परवडत नाही म्हणून स्वतः कालवायचं आहे. नेटवरून वीसेक रेसिपी उतरवल्या, त्यातल्या दोन करून पाहिल्या. एक ग्लेझ भांड्यावर मागे सरकून गोळा झालं, दुसऱ्यावर बारीक भेगांचं जाळं आलं. शिवाय चुलीची राख, टाकणखार, गेरू असं घरात आणि बाजारात मिळणारं काही चालेल का, आणि त्या भांड्यात जेवता येईल का, हेही विचारलंय.

त्या वीस रेसिपी तूर्त बाजूला ठेवा. एकच पारदर्शक बेस धरा, त्याची एक बादली भरा, आणि ती तुमच्या मातीवर, तुमच्या भट्टीत कशी वागते हे अंगवळणी पडेपर्यंत दुसरीला हात लावू नका. रेसिपी लिहिणाऱ्याचा फेल्डस्पार (ग्लेझमध्ये वितळणारा दगड) वेगळा, माती वेगळी, भट्टी गार व्हायचा वेग वेगळा. अमेरिकन रेसिपीत फेल्डस्पारचं जे नाव असतं ते आपल्याला मिळतच नाही. आपल्याकडचा बहुतेक राजस्थानचा असतो, आणि त्यातही एका पोत्याचा दुसऱ्याशी मेळ बसेलच असं नाही.

मी सुरुवातीला देतो तो बेस जगभरचे कुंभार वापरतात आणि पाठ करायला सोपा आहे. पोटॅश फेल्डस्पार २०, क्वार्ट्झ पावडर २०, वोलॅस्टोनाइट २०, चायना क्ले २०, बोरॉनची फ्रिट २०. सगळं वजनाने, बेरीज १००. रंग घालाल तो या शंभराच्या वर.

कोण काय करतं तेवढं कळलं की पुढची दुरुस्ती स्वतःला जमते. क्वार्ट्झ म्हणजे सिलिका, तिची काच होते. पण एकटी ती १७०० अंशांच्या पुढे वितळते, म्हणून ते तापमान खाली आणायला फ्लक्स, म्हणजे वितळायला मदत करणारे पदार्थ, लागतात. वोलॅस्टोनाइटमधून कॅल्शियम येतं, फेल्डस्पारमधून पोटॅश आणि सोडा, फ्रिटमधून बोरॉन. चायना क्लेमधली अ‍ॅल्युमिना वितळलेल्या काचेला उभ्या भिंतीवर धरून ठेवते, आणि कच्चं ग्लेझ बादलीत तरंगतं ठेवायचं कामही हीच माती करते. जुनी ४:३:२:१ ची रेसिपी तुमच्या यादीत असणारच: फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग २०, चायना क्ले १०. उत्तम रेसिपी आहे, पण ती कोन १० ची, १२८० अंशांच्या वरची. तिच्यात बोरॉन नाही. तुमच्या भट्टीत ती अर्धवट भाजून खरखरीत राहील आणि तुम्ही उगाच स्वतःला दोष द्याल.

व्हायटिंगऐवजी वोलॅस्टोनाइट का? व्हायटिंग हे कॅल्शियम कार्बोनेट. भाजताना त्याच्या १०० ग्रॅममधले ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडतात आणि तो वायू ग्लेझमधूनच वाट काढतो. वोलॅस्टोनाइटमध्ये ती भानगड नाही, टाचणीएवढी भोकं कमी पडतात.

फ्रिट घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. आधीच वितळवून, पाण्यात फोडून दळलेली काच म्हणजे फ्रिट, आणि प्रत्येक कारखान्याचे क्रमांक आपापले. पुरवठादाराकडून विश्लेषणाचा कागद मागा. तुम्हाला हवी ती फ्रिट साधारण अशी असते: बोरिक ऑक्साइड २३ टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम २०, सोडा १०, उरलेली सिलिका, अ‍ॅल्युमिना जवळजवळ नाही. आणि शिसं नाही, हे लेखी. उत्तर प्रदेशातलं खुर्जा आणि गुजरातमधलं मोरबी इथून माल ट्रान्सपोर्टने नागपूरला येतो. फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ मोठ्या पोत्यात स्वस्त पडतात, तेव्हा तिघाचौघांनी मिळून एकच पोतं घ्या. स्वस्ताईपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पुढचे कित्येक महिने सगळ्यांचा माल एकाच लॉटचा राहतो. काटा मात्र स्वयंपाकघरातला चालणार नाही. कोबाल्टसारखा रंग अर्धा टक्का टाकायचा असतो, त्याला निदान ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. इतवारीत सराफ्याच्या आसपास सोनं तोलायचे लहान काटे मिळतात, त्यातला साधा घ्या.

आता कालवायचा दिवस. कूलर बंद. पंखाही बंद. मे महिन्यात हे ऐकून तुम्ही मला शिव्या द्याल, पण कोरडी सिलिका हवेत उडणं हा या कामातला खरा धोका आहे. तिची सर्वांत बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. सिलिकोसिस बरा होत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ मास्क लावा, ओढणी किंवा रुमाल उपयोगाचा नाही. पहाटे सहाला तोलाई उरका, खाली सांडलेलं ओल्या फडक्याने पुसा, झाडू अजिबात नको. पूड एकदा पाण्यात गेली की कूलर खुशाल लावा.

१ किलो पुडीला आधी ८५० मि.ली. पाणी बादलीत घ्या आणि पूड पाण्यात सोडा, पुडीवर पाणी ओतू नका, गुठळ्या होतात. रात्रभर भिजू द्या. सकाळी ८० मेशच्या (इंचाला ८० भोकं असलेल्या) चाळणीतून दोनदा काढा. मग मोजपात्रात बरोबर १०० मि.ली. घेऊन तोला. पात्राचं वजन वजा जाता १५० ग्रॅमच्या आसपास भरेल. बुडवून लावायला मला १४५ आवडतं, म्हणजे अजून थोडं थोडं पाणी, एकूण जवळपास लिटरभर. हा आकडा बादलीवर मार्करने लिहून ठेवा आणि दर वेळी लावण्याआधी तोला. नवशिक्यांची निम्मी गाऱ्हाणी या एका मोजणीने संपतात. उन्हाळ्यात तर झाकण जरा उघडं राहिलं की पाणी उडतं, आणि काल नीट लागलेलं ग्लेझ आज जाड बसतं.

पाण्याचंही पाहा. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातले क्षार ग्लेझला दह्यासारखं घट्ट करतात. लोक त्यात आणखी पाणी ओततात, मग थर पातळ होतो आणि वाळताना तडकतो. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. उलट कधी ग्लेझ फारच पाणचट वागलं, तळाशी दगड होऊन बसायला लागलं, तर चिमूटभर एप्सम सॉल्ट कोमट पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घाला. बेंटोनाइट (ग्लेझ तळाशी बसू न देणारी बारीक चिकण माती) २ टक्के घालायचं असेल तर ते कोरडं असतानाच बाकीच्या पुडीत मिसळा, नंतर टाकलं तर त्याच्या गोळ्या होतात.

तुमच्या पहिल्या तक्रारीकडे येतो, ग्लेझ मागे सरकून गोळा होणं. गच्चीवरची खोली म्हटल्यावर माझा पहिला संशय धुळीवर. बिस्क केलेली, म्हणजे ग्लेझ न लावता एकदा भाजलेली, भांडी उघड्यावर फळीवर ठेवली की त्यावर धुळीचा थर बसतो, वरून तेलकट बोटं लागतात. ग्लेझ त्या धुळीला चिकटतं, भांड्याला नाही. लावण्याच्या आदल्या दिवशी भांडी ओल्या स्पंजाने पुसा आणि झाकून ठेवा. दुसरा संशय जाडीवर. ४५ अंशांत तापलेलं कोरडंठाक बिस्क पाणी इतकं झपाट्याने ओढतं की तीन सेकंदांत हिवाळ्यातल्या सहा सेकंदांची जाडी चढते. सुईने ओरखडून पाहा, अर्धा ते पाऊण मिलिमीटर पुरे. कच्च्या थराला वाळताना भेगा दिसल्या तर ते भांडं तसंच भट्टीत ढकलू नका, धुऊन, वाळवून पुन्हा लावा. एवढं करूनही सरकत असेल तर निम्मी चायना क्ले एका बिस्क वाडग्यात भरून पुढच्या बिस्कबरोबर भाजून घ्या. भाजलेली माती आकसत नाही. भाजताना तिचं पाणी उडून वजन घटतं, म्हणून १० ऐवजी ती सुमारे ९ घाला.

भेगांचं जाळं ही वेगळी गोष्ट. गार होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि ताणाने फाटतं. पोटॅश आणि सोडा हे आकसणं वाढवतात, सिलिका आणि बोरॉन कमी करतात. म्हणून क्वार्ट्झ २० वरून २३ करा, मग २६. बाकी काही हलवू नका. प्रत्येक पायरीची चाचणीची टाइल उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात अशी काही वेळा घाला, मग शाईने पुसा. भेग असेल तर शाई दाखवते. क्वार्ट्झ वाढवताना ग्लेझ दुधट किंवा खरखरीत व्हायला लागलं तर तिथे थांबा. दोष कदाचित मातीचा असेल, ती पुरती भाजलीच नसेल.

इथे भट्टीचा एक नागपुरी मुद्दा. एप्रिल-मे मधल्या दुपारी सगळ्या गल्लीचे कूलर आणि एसी चालू असतात आणि व्होल्टेज पडतं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० चे २०७ झाले, म्हणजे दहा टक्के घट, तर ताकद एकोणीस टक्के जाते. भट्टी ११५० नंतर रेंगाळते, आणि भट्टीच्या तापमानाच्या मीटरवर १२२० दिसेपर्यंत कोन ६ ऐवजी ७ चं काम होऊन जातं, कारण ग्लेझ वितळतं ते उष्णता आणि वेळ दोन्हींच्या हिशोबाने. म्हणून मीटरवर विसंबू नका, दर भट्टीत ५, ६, ७ असे तीन कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे छोटे सुळके) उभे करा आणि उन्हाळ्यात भट्टी रात्री लावा.

आता तुमच्या घरगुती यादीकडे, मला यातच जास्त रस आहे.

टाकणखार म्हणजे बोरॅक्सच, बोरॉन त्यात भरपूर. पण तो पाण्यात विरघळतो. बिस्क पाणी पितं तेव्हा बोरॉनही आत जातो, कडेला जमतो, आणि बादलीत दोन दिवसांनी खडे दिसतात. फ्रिट वापरायची ती याच त्रासामुळे. धुण्याचा सोडाही याच कारणाने नको. शाळेचा खडू व्हायटिंग समजून दळू नका, तो बहुधा जिप्समचा असतो, भाजताना गंधकाचा वायू सोडतो आणि फोड आणतो. रांगोळीत कुठला दगड दळलाय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मोरचूद विरघळतं आणि विषारी, त्याला रामराम. शेंदूर आणि मुर्दाडशिंग ही दोन्ही शिशाची ऑक्साइडं. जुन्या कमी तापमानाच्या ग्लेझमध्ये ती सर्रास असत, म्हणून कुणी म्हातारं माणूस कौतुकाने सांगेलही. ऐकून घ्या, घरात आणू नका.

गेरू चालतो. तो लोहाची माती आहे, पण त्यात लोह किती ते दर ढेकळाला बदलतं, म्हणून टाइलशिवाय भरवसा नाही. फरशीचा लाल ऑक्साइड स्वस्त असतो, पण त्यात भर घातलेली असू शकते.

राख चालते, पण कोणाची ते महत्त्वाचं. बाभूळ किंवा संत्र्याच्या छाटणीची राख कॅल्शियमने भरलेली, ती फ्लक्सचं काम करते. पाण्यात टाकून वरचं पाणी दोनतीनदा बदला, हातमोजे घालून, कारण ते पाणी कातडी जाळतं. मग वाळवून चाळा. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधली तुसाची राख मात्र उलट्या स्वभावाची. ती जवळजवळ सगळी सिलिकाच, वितळवत नाही, ग्लेझ दुधट करते. पांढरी झालेली तुसाची राख कोरडी हाताळताना मास्क क्वार्ट्झइतकाच सक्तीचा. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्राची राख कुणी फुकट देऊ केली तर कुंडीच्या बाहेरून वापरा. तिच्यात कोळशातून आलेलं काय काय असेल सांगता येत नाही, ताटवाटीला नको. रामटेकच्या वाटेवर मनसर, कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत, तिथले काळे जड खडे उचलून आणायचा मोह कुंभारकाम शिकणाऱ्या प्रत्येकाला होतो. मँगनीज भट्टीत वाफ सोडतं आणि ती मज्जासंस्थेला घातक. गच्चीवरच्या बंद खोलीत तो प्रयोग नको.

पण नागपूरकराला फुकटात मिळणारी एक खरी चांगली गोष्ट आहे, क्रशरची चुरी, म्हणजे खडी फोडताना निघणारा दगडाचा चुरा. शहराच्या पश्चिमेला, सेमिनरी हिल्स, गिट्टीखदान आणि पुढे, दख्खनच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट आहे. पूर्वेकडचा ग्नाइस याहून कितीतरी जुना. बेसाल्टमध्ये सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, अ‍ॅल्युमिना १४, लोह १२ ते १४, कॅल्शियम १०, वर मॅग्नेशिया. ग्लेझला लागणारं जवळजवळ सगळं निसर्गाने आधीच कालवून ठेवलंय, आणि हा दगड १२०० अंशांच्या आसपास वितळतो. घर बांधायला आलेल्या चुरीतली काळी, जड चुरी घ्या. राखाडी, चमचमणारी असेल तर ती दुसऱ्या दगडाची. धुऊन माती काढा, वाळवा, १०० मेशमधून जे खाली येईल तेवढंच ठेवा. ढीगभर चुरीतून ओंजळभर पीठ निघतं, त्याची तयारी ठेवा. मग चुरी ७५, तीच फ्रिट २०, चायना क्ले ५, वर बेंटोनाइट २. हे पीठ जड असल्याने बादलीत लवकर बसतं, दर भांड्याआधी तळापासून ढवळा. पातळ लागलं तर तांबूस तपकिरी, जाड लागलं तर काळं. कडांवर जिथे ग्लेझ ओसरतं तिथे गंजाची रेघ उमटते, ती मला विकतच्या कुठल्याही काळ्यापेक्षा आवडते. पहिली टाइल उभी ठेवा आणि खाली मातीची बशी, कारण तुमची चुरी किती ओघळेल हे मला इथून सांगता येणार नाही. भट्टीच्या फळीला अ‍ॅल्युमिना आणि चायना क्लेचं निम्मं-निम्मं अस्तर द्या.

आपली काळी माती मात्र लोक विचारतात तशी सोपी नाही. ती इतकी आकसते की कच्चाच थर खवले होऊन गळतो. निम्मी भाजून घेतली तर जमतं. आणि गावातल्या कुंभाराच्या लाल मातीचं भांडं १२२० ला घालू नका, ते फुगेल, बसेल आणि फळी घेऊन जाईल.

रंगांसाठी एक युक्ती पुरे. बेसच्या दोन बाटल्या करा, एक कोरी, दुसरीत १० टक्के लाल लोह. दोन्हींची १०० मि.ली.ला वजनं सारखी करा. मग सिरिंजने नऊ भाग कोरं-एक लोह, आठ-दोन असं करत जा. तोलाई एकदाच आणि १ ते ९ टक्क्यांच्या टाइल हातात: मधाळ पिवळ्यापासून काळपट तपकिरीपर्यंत. कोबाल्ट अर्धा ते एक टक्का, तांबं दोन-तीन टक्के, टिन ऑक्साइड पाच ते आठ टक्के घातलं की पांढरं. टाइलच्या पाठीवर लोह ऑक्साइडने नंबर घाला, पेन्सिल भट्टीत उडते.

संत्र्याच्या गावात राहून संत्री रंग हवाच असतो बाप्पा सगळ्यांना. साध्या ऑक्साइडातून तो स्वच्छ येत नाही. चकचकीत केशरी-लाल रंग कॅडमियम-सेलेनियमचे असतात, झिरकॉनच्या कवचात बंद केलेले, आणि ते तयार रंग म्हणूनच विकत घ्यावे लागतात. ते भांड्याच्या बाहेरून लावा आणि घरी खलात मुळीच घोटू नका, कवच फुटतं.

यावरूनच तुमचा शेवटचा प्रश्न. जेवणाच्या भांड्याला आतून तोच पारदर्शक किंवा टिनचा पांढरा बेस लावा, बाकी हौस बाहेरून. आपल्याकडचं खाणं आंबट आहे: लिंबू, चिंच, आमसूल, वर महिनोन्‌महिने मुरणारं लोणचं. तांब्याचं हिरवं ग्लेझ या आंबटाला टिकेलच असं नाही. लिंबाची फोड टाइलवर रात्रभर ठेवा, दुसरी टाइल अर्धी व्हिनेगरमध्ये तीन दिवस. रंग उतरला किंवा चमक गेली तर ते ग्लेझ अन्नाला नाही. काही बदल दिसला नाही तरी ते सुरक्षित ठरत नाही, फक्त नापास झालं नाही एवढंच. विकायची भांडी असतील तर शिसं आणि कॅडमियमची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्या. बेरियम कार्बोनेट असलेली रेसिपी तुमच्या यादीत दिसली तर सरळ खोडा, ते उंदराचं औषध आहे.

हात, चाळणी, ब्रश धुतलेलं पाणी मोरीत सोडू नका, पाइप दगड होतो आणि धातू नाल्यात जातात. एक जुनी बादली त्यासाठीच ठेवा. दोन दिवसांनी वरचं निवळ पाणी पुढच्या धुण्याला वापरा. तळाशी साठलेला गाळ महिन्या-दोन महिन्यांनी चाळून टाइलवर लावून पाहा. बहुतेक वेळा करडं-हिरवट काहीतरी निघतं, आणि तुळशीच्या कुंडीला बाहेरून छान दिसतं.